भोंग्याचं तोंड

शेडमधले माग चालू झाले की माणसाच्या गळ्याला काही किंमत उरत नाही. कितीही बोंबला, शेजारच्या मागावरच्या बाईला ऐकू जाणार नाही. म्हणून तिथं गळ्यानं कुणी बोलतच नाही. तिथं ओठ बोलतात, गाल बोलतात, भुवया बोलतात. बाहेरचा माणूस पहिल्यांदा आत आला की त्याला वाटतं, या बायकांच्या डोक्यावर परिणाम झालाय, एकमेकींकडे बघून नुसती तोंडं वेंगाडताहेत. प्रत्यक्षात त्या वेळी कुणाच्या तरी सासूचा उद्धार चाललेला असतो, कुणाला रात्री झोप लागलेली नसते, कुणी डब्यात काय आणलंय याची चौकशी करत असतं. या बोलीचे नियमही कडक. समोरचा बोलत असताना तोंड फिरवणं हा सगळ्यात मोठा अपमान. आणि एखादी गोष्ट खरोखर लपवायची असेल तर हात तोंडावर धरायचा नाही, सरळ पाठ करायची.

या शेडमध्ये सगळ्यात चांगलं तोंड भोंग्याचं. चांगलं म्हणजे देखणं नव्हे. नाक जरा बसकं, दात पुढे, पण ती एका टोकाला उभी राहून काही सांगायला लागली की दुसऱ्या टोकाची बाई पोट धरून हसायची. तिची थोरली जाऊ पलीकडच्या रांगेत मागावर असायची आणि तिला भोंग्याचं अक्षरन्‌अक्षर कळायचं. भोंगा हे नाव मात्र शेडबाहेरच्या कारभारामुळे पडलं होतं. पाळी संपवून ती रस्त्यावर आली की तिचा आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा सुटायचा. तिला स्वतःला तो तेवढा ऐकू येत नसे, एवढंच. उजवा कान मागांनी बधिर केला होता. डावा तर कधीच कामातून गेला होता.

डावा कान फुटला तो ती शाळेत जात असताना, आणि मग तो फुटलेलाच राहिला. थेंब टाकले की थोडे दिवस कोरडा, सर्दी झाली की पुन्हा वाहायला सुरुवात. थेंब झाले, पावडरी झाल्या, कुणी सांगितलं म्हणून कोमट तेल झालं, आणि त्यानं तर त्रासात भरच पडली. वाहण्यापेक्षा तिला वास जास्त छळायचा. कुजका, गोडसर वास. कानात कापसाचा बोळा कोंबून ती बाहेर पडायची, आणि कुठंही बसायची ती डावी बाजू भिंतीकडे करून. बसमध्ये खिडकी, दवाखान्यात कोपरा, लग्नाच्या जेवणावळीत शेवटची खुर्ची. लोकांना वाटायचं, बाईला टेकायला आवडतं. नवऱ्यानं मात्र कधी नाक मुरडलं नाही. तो रंगारी होता, दारं-खिडक्या रंगवायचा, आणि टर्पेंटाइननं त्याचं नाक केव्हाच मारून टाकलं होतं. "आमचा जोडा बघूनच जमवलाय," असं ती म्हणायची आणि स्वतःच मोठ्यानं हसायची.

मग एके दिवशी मागावर सुताची कांडी बदलता बदलता तिच्या कानात कळ आली. तिनं बोटानं कान दाबला, आणि अख्खी शेड गरकन फिरली. खांब आडवे झाले, छत पायाशी आलं. पुढे आडवं सूत ओढणारा धोटा सटासट इकडून तिकडे चालला होता आणि ती त्याच्याकडे झुकत चालली होती, हे तिला दिसत होतं. पण हातपाय ऐकत नव्हते. जाऊबाईनं मागून तिचे कपडे मुठीत पकडले आणि तिला अशी काही मागे खेचली की दोघी जमिनीवर आपटल्या.

"कान आहे की भुताटकी?" जाऊबाई तिच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली. "उद्या डॉक्टर. बहाणे नकोत."

मोठ्या दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरीणबाई उंच, सडपातळ आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी मास्क लावला होता, आणि भोंग्याला त्या काय म्हणताहेत त्यातलं ओ की ठो कळेना.

"अहो, तोंड उघडं करा की!" भोंगा ओरडली. बाहेर बाकावर बसलेले लोक दचकले. "तोंड झाकून बोललात तर मला काय कळणार, कप्पाळ?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, मास्क हनुवटीखाली ओढला, आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना तो कधी वर नेला नाही. दुर्बिणीतून त्यांनी कान साफ केला, आत पाहिलं, यंत्रातून डोक्याचे फोटो काढायला लावले. मग रंगाऱ्यालाही आत बोलावून समजावून सांगितलं. कानाची कातडी बाहेर वाढायची ती पडद्यातून आत शिरली होती. तिथं तिची गाठ झाली होती. ती कुजत होती, म्हणून वास. आणि ती हाड खात होती. ऐकण्याची नाजूक हाडं तिनं जवळजवळ संपवली होती, आता तोल सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोचली होती, म्हणून चक्कर. वर पातळ हाडाचा पापुद्रा, त्याच्या पलीकडे मेंदू.

"कानामागचं हाड कोरून गाठ काढावी लागेल," त्या म्हणाल्या. "सगळी. जराशी राहिली तरी पुन्हा वाढते."

"ऐकू येईल का मग?" रंगाऱ्यानं विचारलं.

"आधी कान कोरडा आणि जीव सुरक्षित. ऐकण्याचं नंतर बघू. वचन देत नाही." मग त्या भोंग्याकडे वळल्या. "आणखी एक सांगावं लागतं. चेहरा हलवणारी नस याच हाडातून जाते. तिला धक्का लागण्याची भीती असते. फार थोड्यांना होतं, पण सांगायला हवं."

"धक्का लागला तर?"

"ही बाजू हलणार नाही. डोळा मिटणार नाही, ओठ एका बाजूला ओढले जातील."

ऐकू येण्याचं भोंग्याला फारसं सोयरसुतक नव्हतं. डावा कान गेला तर गेला, तसाही तो कुठं उपयोगाचा होता. मेंदूचं ऐकून ती घाबरली, पण ती भीती लांबची वाटली, दुसऱ्या कुणाच्या घरातली असावी तशी. चेहऱ्याचं ऐकलं आणि तिचा हात गालाकडे गेला. लोकांना चेहरा आरशासाठी लागतो. तिला तो दिवसभर, दर मिनिटाला, तोंड उघडण्यासाठी लागत होता. अर्ध्या ओठांनी ती शेडमध्ये काय बोलणार? घरी बोलायला रंगारी, आणि तो दिवसातून चार शब्द बोलायचा. तिचं सगळं माणूसपण त्या शेडमध्ये होतं आणि ते ओठांवर होतं. ते गेलं की ती मुकी. कान नसलेली आणि तोंडही नसलेली.

तरी ती तयार झाली. जाऊबाईनं तयार केली म्हणा.

ऑपरेशनच्या सकाळी तिला दवाखान्याचा ढगळ अंगरखा घालून एका अरुंद बोळात बाकावर बसवलं. समोर काचेची खोली. आत डॉक्टरीणबाई आणि एक तरुण डॉक्टर, उजेडावर लावलेल्या फोटोंकडे बघत बोलत होते. मास्क दोघांच्याही हनुवटीखाली. काचेतून आवाज येत नव्हता. पण आवाज भोंग्याला हवा कशाला होता?

बाजारात, बसथांब्यावर, हॉटेलात बसलेल्या परक्या माणसांचं बोलणं चोरून वाचायचं, ही शेडमधल्या बायकांची जुनी खोड. चूक आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि मोह कुणालाच आवरत नाही. भोंग्यानं डोळे बारीक केले.

"नस पूर्ण उघडी पडलीय," डॉक्टरीणबाईंचे ओठ म्हणाले. "गाठ तिला चिकटून बसलीय. सोडवताना तुटणारच."

"म्हणजे चेहरा?" तरुण डॉक्टर.

"वाचेल असं वाटत नाही. घरच्यांना बाजूला घेऊन सांगा. पेशंटला आत्ता नको, हाय खाईल."

तिनं वाचण्यात चूक केली नव्हती, आयुष्यात तिनं अशी चूक फार कमी वेळा केली होती. तेवढ्यात तरुण डॉक्टर काचेचं दार ढकलून बाहेर आला, इकडेतिकडे बघितलं, आणि बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रंगाऱ्याला खांद्याला धरून बाजूला घेऊन गेला. तिथं दोघं पाठमोरे उभे राहिले. रंगाऱ्यानं मान खाली घातली.

आता आणखी काय बघायचं राहिलं होतं? भोंगा उठली. तिच्या छातीत असं काही धडधडत होतं की बधिर कानालाही ऐकू यावं. ती मागच्या जिन्यानं खाली उतरली, कपडे धुण्याच्या खोलीतून बाहेर पडली आणि त्या अंगरख्यातच, चपला हातात घेऊन, घराकडे चालत सुटली. लोक बघत होते. बघेनात का! तिचं तोंड अजून तिचं होतं.

रंगारी धापा टाकत घरी आला तेव्हा ती दाराला आतून कडी लावून बसली होती. दार हादरायला लागलं तेव्हा कुठं तिनं उघडलं.

"अगं, काय झालं? सगळा दवाखाना शोधतोय तुला."

"भीती वाटली," ती म्हणाली. "नाही करायचं मला. परत नाव काढू नका."

"बरं," रंगारी म्हणाला. आणि तो इतक्या लवकर "बरं" म्हणाला, की तिची खात्रीच पटली. याला माहीत आहे. याला सांगितलंय, आणि हा माझ्यापासून लपवतोय.

पुढचे दिवस वाईट गेले. रंगारी तिच्या मागे-पुढे करायला लागला. पाणी भरून ठेवायचा, कामावरून येताना फळं आणायचा, तिच्याकडे बघायचा आणि तिनं बघितलं की नजर चुकवायचा. एरवी तिला अशा लाडाचं हसू आलं असतं. आता तिला त्यात कीव दिसायची. ती रात्री डोळे मिटून पडायची आणि कानाच्या आत काहीतरी कुरतडल्यासारखं वाटायचं. खरोखर वाटायचं की मनाचे खेळ होते, देव जाणे. कापूस बदलायला काढला की तो रक्तानं लालसर निघायला लागला होता. कानामागं ठणका बसला होता. दर सकाळी उठल्या उठल्या ती आधी गालावर हात फिरवून बघायची. आहे. हलतोय. मग चहा.

आणि तरीही तिला जाणून घ्यायचं होतं. तोंड अर्धं झालं तर नेमकं काय होईल? ही भीती मनात ठेवून बसवेना. एका सुटीच्या दुपारी रंगारी कामावर गेला असताना तिनं त्याच्या पेटीतली चिकटपट्टी काढली. रंगवताना काचेला रंग लागू नये म्हणून काठाला लावतात ती कागदाची पट्टी. आरशासमोर उभी राहून तिनं ती डाव्या गालावर पट्टीवर पट्टी अशी चिकटवली, ओठाचा कोपरा खाली ओढून, डोळ्याखालची कातडी ताणून. आरशात एक भलतीच बाई तिच्याकडे बघत होती. तशीच तोंडावरून ओढणी घेऊन ती जाऊबाईच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि जाऊबाईनं दार उघडताच ओढणी खाली करून, आवाज न काढता, शेडमधल्यासारखी बोलायला लागली.

जाऊबाई आधी खो खो हसली. "काय गं हे सोंग? नवऱ्यानं रंगवायला काढली की काय तुला?"

भोंगा बोलतच राहिली. ओठ, भुवया, सगळा जीव लावून.

"काय? कुणाचं? थांब, पुन्हा म्हण." जाऊबाई पुढे आली. "बाजार? नाही? हात? अगं, नीट बोल, काही कळत नाहीये मला."

भोंगा तिसऱ्यांदा बोलली. तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. जाऊबाईचं हसू विझलं. इतक्या वर्षांत या तोंडाचं तिला काही कळलं नाही असं कधी झालं नव्हतं. तिनं भोंग्याला आत ओढली, खाली बसवली आणि पट्ट्या एकेक करून सोडवायला लागली. गालाची लव ओढली जात होती, पण भोंगा हूं की चूं करीना.

"काय म्हणत होतीस?" शेवटची पट्टी निघाल्यावर जाऊबाईनं विचारलं.

"म्हणत होते, जाऊबाई, माझं असं होणार आहे," भोंगा आवाज काढून म्हणाली, आणि मग तिला आवरेना. काचेतलं सगळं तिनं सांगून टाकलं. रंगाऱ्याला बाजूला नेल्याचंही.

जाऊबाईनं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "मग विचारलंस का त्याला? घरात नवरा आहे की कपाट?"

संध्याकाळी दोघींनी मिळून रंगाऱ्याला समोर बसवलं. तो आधी चाचरला, मग लाजला, मग म्हणाला, "त्या डॉक्टरनं विचारलं, पेशंट उपाशी आहे ना? मी हो म्हटलं. खोटं बोललो. तू सकाळी माझ्या कपातला चहा प्यालीस ते मी बघितलं होतं. नंतर वाटलं, ऑपरेशनात काही झालं असतं तर? बरं झालं पळालीस. तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून गप्प होतो."

"एवढंच?" जाऊबाई किंचाळली.

"शपथ."

भोंग्यानं त्याच्या ओठांकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं. खोटं दिसत नव्हतं. पण काचेमागचे ओठही खोटं बोलत नव्हते. तिनं स्वतः वाचलं होतं. नवऱ्याला सांगायचं राहून गेलं असेल, एवढाच त्याचा अर्थ. दवाखान्यात जाऊन विचारून ये, असं जाऊबाईनं पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ती आज-उद्या करत राहिली. विचारलं आणि त्यांनी "हो" म्हटलं तर? न विचारलेलं बरं. भीतीचं असंच असतं, एकदा घरात घेतली की तीच घर चालवायला लागते.

मग एका सकाळी ती चूळ भरायला गेली आणि पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं. तिनं पुन्हा घोट घेतला. पुन्हा ओघळला. ती आरशाकडे गेली नाही. तिनं गालावर हात ठेवला आणि हसून बघितलं. हाताखालचा गाल जागचा हलला नाही.

तिनं अशी काही हाक मारली की रंगारी अर्ध्या दाढीनिशी धावत आला.

डॉक्टरीणबाईंनी तिला बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "कुठं होतात तुम्ही? का पळालात?"

भोंग्यानं सांगितलं. बोलताना ओठ एका बाजूला ओढला जात होता आणि तिला स्वतःचीच शिसारी येत होती. काच, फोटो, नस, घरच्यांना सांगा.

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. मग मास्क अगदी गळ्यापर्यंत खाली ओढून, एकेक शब्द स्वच्छ करत म्हणाल्या, "तो फोटो तुमचा नव्हता. तुमच्या आधी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात वाईट गाठ होती, चेहऱ्याच्या याच नसेला चिकटलेली. आम्ही त्यांच्याबद्दल बोलत होतो. तुमची नस त्या दिवशी चांगली होती, बाई. हाडाच्या आत, झाकलेली. तुमचं ऑपरेशन मला सोपं वाटत होतं."

भोंगा त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. पुन्हा सांगा, असं तिला म्हणायचं होतं, पण काय करायचं पुन्हा ऐकून? वाचलेला शब्दन्‌शब्द खरा होता आणि त्यातला एकही तिचा नव्हता. जिच्या भीतीनं ती पळाली, ती गोष्ट तिनं पळून पळून स्वतःच घरी आणली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तेही कुठल्या गालावर, असा एक वेडा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"आता?" तिनं विचारलं.

"आता गाठ नसेवर दाबतेय. आजच काढते. नस तुटली नसेल तर चेहरा परत हलू शकतो. पण कधी, किती, ते सांगता येत नाही. आणि या वेळी चहा नको."

रंगाऱ्यानं मान खाली घातली.

भुलीतून जागी झाली तेव्हा तिच्या डोक्याभोवती भलंमोठं बँडेज होतं आणि तोंडाला कोरड पडली होती. जाऊबाई समोर बसली होती. भोंग्यानं ओठ हलवले. जाऊबाई पुढे झुकली, डोळे बारीक केले, आणि मग जोरात मान हलवली. "हो, हो. बरोबर."

भोंग्यानं विचारलं होतं, "किती वाजले?"

गाठ सगळी निघाली होती. सोबत तिनं खाल्लेली हाडंही काढावी लागली होती, त्यामुळे त्या कानानं आता नीटसं ऐकू येणार नाही. पुढे कधी कृत्रिम हाड बसवता आलं तर बघू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नस दबून सुजली होती, पण अखंड होती. "वाट बघायची," त्या म्हणाल्या. वाट बघणं हे औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही आणि डोळा मिटत नसताना तर ते घेववतही नाही. झोपताना रंगारी तिचा डावा डोळा मलम घालून पट्टीनं बंद करायचा. त्याचे हात काचेच्या काठाला सवयीचे होते, पट्टी अशी अलगद लावायचा की पापणीला कळायचं नाही. कान मात्र कोरडा झाला. वास गेला. बसमध्ये भिंतीकडची जागा शोधायची गरज उरली नाही, आणि हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं, कारण आता ती बसमध्ये तोंड झाकूनच बसायची.

कामावर परत जायच्या दिवशी ती शेडच्या दाराशी थिजली. आत माग धडधडत होते. जाऊबाईनं तिच्या तोंडावरची ओढणी काढली, घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि तिला आत ढकलली.

सगळ्या बायका तिच्याशी फार चांगल्या वागल्या. तेच तिला सहन होईना. तिनं तोंड उघडलं की त्या माना डोलवायच्या, हसायच्या, "हो गं, हो" म्हणायच्या. कांड्या संपल्यात असं सांगितलं तरी हसायच्या. एकीनंही "काय म्हणालीस?" असं विचारलं नाही. शेडच्या कडक नियमांत हा एक नियम नवा आला होता, भोंग्यासाठी. डॉक्टरीणबाईंनी दिलेले व्यायाम ती आरशासमोर करायची, गाल फुगव, ओठ आवळ, शीळ घाल. कधी कोपरा जरासा थरथरल्यासारखा वाटायचा. पण खरा की आपल्याला हवा म्हणून, हे कुणाला विचारणार? रंगारी म्हणायचा, "हललं, हललं." जाऊबाई म्हणायची, "मला सगळं कळतं तुझं." माया करणाऱ्या माणसांचा शब्द धरता येत नाही. हळूहळू तिनं बोलणं टाकलं. मागाकडे बघून काम करायचं, पाळी संपली की घर. आपण अशाच राहणार, या धास्तीनं तिचं जेवण कमी झालं.

त्या सुमारास दुसऱ्या शेडमधून एक नवा मुकादम बदलून आला. जाडा, तापट, कायम घाईत. त्याला भोंग्याचं काहीच माहीत नव्हतं, आणि सांगायला कुणाला सवड झाली नव्हती. फेरी मारताना त्यानं तिच्या मागावर तुटलेला धागा पाहिला आणि तोंडानं, हातांनी, सगळ्या अंगानं तिला झापायला सुरुवात केली. गाठ मारायला इतका वेळ? झोपा काढायला येतेस? हे काय पोराटोरांचं काम आहे?

भोंग्याचं डोकं ठणकत होतं. गाठ मारता मारता तिनं त्याच्याकडे बघितलं. कुणाला कळणार आहे, असं मनात आलं आणि जुन्या सवयीनं ती त्याच्या तोंडावर बोलून गेली, "अरे बैलोबा, आधी स्वतःचा पट्टा आवळ, विजार चाललीय खाली. मग मला गाठी शिकव."

मुकादमाचा हात झटकन कमरेकडे गेला.

पट्टा खरंच सैल झाला होता. तो त्यानं वर ओढला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काय म्हटलं गेलंय. तो लालबुंद झाला.

भोंग्यानं माग बंद केला. "मी काय म्हणाले?" तिनं ओठांनीच विचारलं.

"वर विचारतेस?" त्याचे ओठ रागानं फुटत होते. "बैलोबा म्हणालीस मला!"

"आणि पुढे?"

"पट्टा आवळ म्हणालीस! विजार चाललीय म्हणालीस! गाठी शिकव म्हणालीस!"

शब्द एकही सुटला नव्हता. भोंगा कांड्यांच्या खोक्यावर मटकन बसली आणि तोंड झाकून न घेता, सगळ्या शेडसमोर, ढसाढसा रडायला लागली. पलीकडच्या रांगेतून जाऊबाई धावत आली. मुकादम आता पुरता गडबडला होता. आपण फार बोललो का, असं तो ज्याला त्याला विचारत सुटला. मग त्यालाच राग आठवला आणि त्यानं भोंग्याला वर साहेबाकडे चल असं खुणावलं. ती लगेच उठली. डोळे पुसत, नाक ओढत, हसत त्याच्या मागोमाग जिना चढायला लागली. हसताना डावा गाल अजून उजव्याच्या निम्म्यानंच वर जात होता.